उपकार देवाचे, पण ऐकू माणसाला जावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातल्या साठेक घरांच्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या भगिनी लिहितात: 'प्रभूभोजनाची भांडी घासणं, टेबलावरची पांढरी चादर धुणं, आजाऱ्यांच्या भेटी, उपासनेनंतरचा चहा, हे सगळं गेली अकरा वर्षं मी आणि आणखी दोघी करतो. कोणी कधी एका शब्दाने विचारलं नाही. एकदा बोलून दाखवलं, तर एक पंच म्हणाले, "बाई, प्रभूसाठी करता ना? मग माणसांकडून अपेक्षा कशाला?" नाताळच्या कार्यक्रमात मात्र देणगीदारांचं आभारप्रदर्शन अर्धा तास चालतं. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांचे आभार मानावेत की फक्त देवाचे? आणि मला वाईट वाटलं, हे पाप आहे का?'

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. पाप नाही. अकरा वर्षं राबलेल्या माणसाला 'हे कोणाच्या लक्षात तरी आहे का' असं वाटणं पाप असेल, तर नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या निम्म्या पत्रांची सुरुवातच कापून टाकावी लागेल.

पंचांचं ते वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे, कारण ते मीही वापरलेलं आहे. चौतीस वर्षं पाळकपण केलं, बहुतेक तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. 'प्रभूसाठी करता ना?' या वाक्याची सोय अशी की समोरच्याला उत्तर देताच येत नाही. पण त्याला आधार म्हणून जी वचनं काढली जातात, ती कोणाला उद्देशून आहेत ते पाहा. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने तोंड मिटून बसावं, अशी परवानगी त्यात कुठेच नाही. 'आम्ही निरुपयोगी दास आहोत' हे लूकच्या सतराव्या अध्यायातलं वाक्य दासाने स्वतःबद्दल म्हणायचं आहे. पंचांनी दासाबद्दल म्हणायचं नाही. त्याच अध्यायात, त्याच्या लगेच पुढे, दहा कुष्ठरोगी येतात, बरे होतात आणि आभार मानायला एकच परत फिरतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, हे प्रभूने मोठ्याने विचारलं. मोजून विचारलं.

पण आभार मानायचे म्हणजे काय करायचं, हे आपल्याला कळतं असं समजू नका. मला कळत नव्हतं.

एका गावात चर्चची घंटा वाजवणारे एक म्हातारे होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. कंदिलाच्या काळापासून झाडलोट त्यांचीच, पावसाळ्यात कौलं शेकारणं त्यांचंच, आणि कबर खणायला पहिली कुदळही त्यांचीच. मी नवा होतो, अंगात उत्साह होता. सुगीच्या सणाला त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार आणि दोन भाषणं. त्यातलं लांबलचक भाषण माझं. पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी घरी गेलो, तर बाबा बाजेवर बसलेले. म्हणाले, 'साहेब, माझं काही चुकलं का?' मी म्हटलं, 'चुकलं कुठे? सत्कार केला की तुमचा!' 'तेच म्हणतो. हेडमास्तरला शाल दिली, दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची गेली. ग्रामसेवकाला नारळ दिला, त्याची बदली झाली. मला वाटलं, आता दुसरा माणूस ठेवला असंल.'

नारळ देणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मी हसलो नाही, हसायची हिंमत नव्हती. पण ते बोलले ते बरोबरच होतं. आपल्याकडचे आभार हिशेब मिटवण्यासाठी असतात. कार्यक्रम संपला की आभारप्रदर्शन, नोकरी संपली की सत्कार, माणूस संपला की शोकसभा. ज्याच्याशी उद्याही संबंध ठेवायचा आहे, त्याचे आपण आभार मानत नाही. आईला कोणी 'धन्यवाद' म्हटलं, तर ती कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहील. घरात आभार म्हणजे परकेपणा. मंडळी जर घर असेल, तर तिथे आभार मानायचे कसे? पंचांनी हा प्रश्न असा मांडला असता तर मी त्यांच्या बाजूने बसलो असतो.

आणखी एका कारणाने मी त्यांच्या बाजूने थोडा बसतो. माझे आजोबा गावकीत वाढले. येसकरपाळी, म्हणजे महारांकडची गावकामाची पाळी, असली की संध्याकाळी दारोदार भाकर गोळा करायची. ती भाकर कामाबद्दलची, हक्काची होती. पण वाढणारा ती वरून, हात न लागता टाकायचा, आणि टाकताना चेहरा उपकार केल्याचा. पुढे मिशन आलं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईला उतरली, १८३१ पासून नगरला राहिली. शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, आणि १८७६ च्या आणि नंतर १८९६ च्या दुष्काळात पुष्कळ जीव मिशनऱ्यांच्या हातून वाचले. ते उपकार खरे होते. मी ते नाकारणार नाही, कारण माझ्या घरात अक्षर त्यातूनच आलं. पण हात बदलला तरी दिशा तीच राहिली. मदत वरून खाली यायची, आभार खालून वर जायचे. पूर्वी गावचा पाटील मायबाप होता, मग गोरे साहेब मायबाप झाले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्याच्या मुळाशी ही बोच होती असं मला वाटतं. ख्रिस्ताच्या माणसांनी परक्या पगारावर आणि परक्या कृपेवर का जगावं?

आजोबा मंडळीचे पंच झाले, तेव्हा त्यांचा एक ठेका होता: 'इथं कोणी कोणाचं मिंधं न्हाई.' देवळात कोणी कोणापुढे हात जोडून आभार मानायला लागला की ते त्याला थांबवायचे. 'देवाचं मान, माझं मानू नको.' ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून भाकर घेतली, त्याच्या तोंडी हे वाक्य केवढं मोठं आहे! एकमेकांवरच्या प्रीतीच्या ऋणाशिवाय कोणाच्या कशाच्याही ऋणात राहू नका, असं रोमकरांना लिहिलं आहे. ते आजोबा जगले.

मग तुमचे पंच तेच म्हणतात तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं की आजोबा हे वाक्य स्वतःच्या उपकाराबद्दल म्हणायचे. तुमचे पंच ते तुमच्या श्रमांबद्दल म्हणतात. आणि देणगीदाराच्या बाबतीत त्यांना ते आठवत नाही. तिथे अर्धा तास माईक चालू असतो. म्हणजे शिडी मोडली नाही, वरच्या पायरीवरचा माणूस फक्त बदलला.

आता पौलाकडे येतो. या प्रश्नावर मला पौलाइतकं कोणी शिकवलेलं नाही.

थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र इ.स. ५० च्या सुमारास लिहिलं गेलं, करिंथहून. आपल्या हाती असलेल्या पौलाच्या पत्रांतलं हे बहुधा सर्वांत जुनं. ती मंडळी तेव्हा फार तर काही महिन्यांची असेल. शहरात दंगा झाला, यासोन आणि इतरांकडून जामीन घेतला गेला, पौलाला रातोरात निघावं लागलं. मागे राहिलेल्या या कोवळ्या माणसांचं काय झालं ते कळेना, म्हणून त्याने अथेन्सहून तीमथ्याला पाठवलं. तीमथ्य परत आला तो त्यांच्या विश्वासाची आणि प्रीतीची बातमी घेऊन. मग पौल लिहायला बसला. पहिलंच वाक्य: आम्ही तुम्हा सर्वांविषयी देवाची उपकारस्तुती करतो. कशाबद्दल, तेही सांगितलं: विश्वासाचं काम, प्रीतीचे श्रम, आशेची सहनशीलता. 'श्रम' यासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो अंग मोडून येणाऱ्या कष्टाचा आहे. प्रीतीची भावना असं तो म्हणत नाही, प्रीतीचे कष्ट म्हणतो. तुमची चादर धुणं यातच येतं.

इथली मांडणी बघा. आभार देवाचे आहेत. पण ते एका पत्रात लिहिले आहेत, आणि पत्राच्या शेवटी शपथ घालून सांगितलं आहे की हे सर्व बंधूंना वाचून दाखवा. म्हणजे पौल प्रार्थना करतो देवाकडे तोंड करून, पण दार उघडं ठेवून. ज्यांच्याबद्दल बोलतो, ते दारात उभे आहेत आणि ऐकत आहेत. ऐकणारा मिंधा होत नाही, कारण त्याच्यावर कोणी उपकार ठेवलेला नाही आणि त्याचा उपकार कोणी फेडलेलाही नाही. आणि तो विसरलाही जात नाही. चौतीस वर्षांत मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती असं विचाराल, तर हीच. आजोबांचं 'देवाचं मान' राहिलं, आणि बाबांचा नारळही टळला.

फिलिप्पैच्या मंडळीच्या बाबतीत प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण तिथे पैसे होते. पौल कैदेत, आणि या मंडळीने एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली. पूर्वी तो थेस्सलनीकात असतानाही त्यांनी एकदा सोडून दोनदा पाठवली होती. रोमन शहरात पैसे घेतले की घेणारा देणाऱ्याच्या पदराखाली गेला, असा सरळ व्यवहार. सकाळी त्याच्या दारात मुजऱ्याला जायचं, चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं. आपल्याला हे नवीन नाही! पौल चौथ्या अध्यायात काय करतो ते मला अजून गंमतीचं वाटतं. तो आनंद करतो, त्यांनी माझ्या संकटात भाग घेतला हे बरं केलं म्हणतो, मग लगेच सांगतो की मला कमी पडलं म्हणून बोलत नाही, आहे त्यात राहायला मी शिकलोय. मग व्यापाऱ्याच्या वहीतला शब्द काढतो, भरून पावलो, जो त्या काळच्या पावत्यांवर लिहिला जायचा. आणि शेवटी म्हणतो, हे तुम्ही पाठवलं ते देवाला आवडणारं सुगंधी अर्पण आहे, आणि तुमची गरज माझा देव पुरवील. संपूर्ण उताऱ्यात 'मी तुमचा आभारी आहे' हे वाक्य नाही. कोणी याला कोरडेपणा म्हणतात. मला तो मान राखणं वाटतो, स्वतःचाही आणि त्यांचाही.

पण 'देवाचेच उपकार, माणसाचे नाहीत' असा नियम करून टाकावा, तर रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आडवा येतो. प्रिस्का आणि अक्विला यांनी पौलासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, आणि तिथे तो सरळ लिहितो की मीच नव्हे, परराष्ट्रीयांतल्या सगळ्या मंडळ्या त्यांचे उपकार मानतात. तोच शब्द, जो तो एरवी देवासाठी राखून ठेवतो. तो अध्याय आपण उपासनेत वाचत नाही, नावांची यादी म्हणून सोडून देतो. एकदा हळू वाचा. फिबी, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. रूफसाची आई, जी 'माझीही आई' आहे. आणि मघाशी सांगितला तो अंग मोडणारा श्रमाचा शब्द या अध्यायात चौघांच्या नावापुढे आहे: मरिया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस. चौघीही बायका. एकाही पुरुषाच्या नावापुढे तो नाही. तुमच्या पंचांना हे तुम्ही सांगू नका, मी सांगेन.

त्याच यादीत मध्येच तर्तियुस डोकं वर काढतो. हे पत्र लिहून घेणारा मी तर्तियुस तुम्हाला सलाम सांगतो! पौलाने त्याला थांबवलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते तिथल्याच छापखान्यात तिथल्याच मुलींनी, बायकांनी छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्यांचं नाव आपल्याला पाठ आहे आणि असावंच. पण खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येतं का? दुष्काळात आईबाप गमावून आलेल्या, अक्षर तिथेच शिकलेल्या आणि शास्त्राची पानं उलट्या खिळ्यांत वाचलेल्या मुली.

एक सावधगिरी. पौल खोटे आभार मानत नाही. गलतीकरांस पत्रात सुरुवातीची उपकारस्तुती नाहीच. 'मला आश्चर्य वाटतं' म्हणून तो थेट भांडणाला लागतो. करिंथकरांबद्दल उपकार मानतो ते त्यांच्या बोलण्याबद्दल, ज्ञानाबद्दल, कृपादानांबद्दल. प्रीतीबद्दल तिथे चकार शब्द नाही, आणि ती का नाही हे पुढे तेराव्या, प्रीतीवरच्या अध्यायात कळतंच. म्हणून नाताळच्या कार्यक्रमात 'ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य केलं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ते कोणाचेच आभार नसतात.

आम्ही काय केलं ते सांगतो, जसंच्या तसं उचलू नका.

बाबांच्या प्रकारानंतर काही वर्षांनी, दुसऱ्या मंडळीत, रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत मी एक छोटा बदल केला. विनंत्यांची यादी वाचण्याआधी कोणीही एकाने उठून एका माणसाबद्दल देवाचे उपकार मानायचे. नाव घ्यायचं आणि त्याने काय केलं ते सांगायचं. पहिले चार रविवार सगळ्यांनी माझ्याबद्दलच उपकार मानले, पाळकसाहेब असे आणि पाळकबाई तशा. मी पाळकाचं नाव घ्यायला बंदी घातली. मग सगळे सेक्रेटरीवर गेले. त्यालाही बंदी. त्यानंतर दोन रविवार कोणीच उठलं नाही. दोन मिनिटांची शांतता, बाहेर कोंबडा आरवतोय. पंच माझ्याकडे बघतायत.

तिसऱ्या रविवारी आठवीतला एक मुलगा उठला. म्हणाला, 'देवा, अमक्या मावशीबद्दल तुझे उपकार मानतो, त्यांनी मला माझी आई दवाखान्यात होती तेव्हा आठ दिवस डबा दिला आणि भेंडी दिली नाही, कारण मला भेंडी आवडत नाही.' लोक हसले. मावशी मान खाली घालून पदर चाचपत बसल्या. त्या दिवसापासून ते रुळलं. उपकार मानायचे तर किती बारीक मानायचे, हे त्या मुलाने शिकवलं. 'खूप सेवा करतात' हे काही कामाचं नाही. 'भेंडी दिली नाही' हे कामाचं आहे, कारण त्यातून दिसतं की घेणाऱ्याचंही लक्ष होतं.

काही नियम आपोआप पडत गेले. पैशाचा आकडा सांगायचा नाही, दिलेल्या वस्तूची किंमतही नाही. ज्याचं नाव घेतलं त्याने उभं राहायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. टाळ्या नाहीत, कारण ही प्रार्थना आहे. नवराबायकोंनी एकमेकांबद्दल बोलू नये असं पंचांनी ठरवलं होतं. तो नियम मी वर्षभराने मोडला आणि बरं केलं.

वाईटही झालं. आपलं नाव कधीच आलं नाही म्हणून एक कुटुंब सहा महिने आलं नाही. मी तेव्हा त्यांना 'प्रभूसाठी करता ना' हेच ऐकवलं असतं, पण जीभ चावली. भेटायला गेलो, तर कळलं की ती बाई दर शनिवारी एका अंध म्हातारीला पवित्र शास्त्र वाचून दाखवत होती आणि हे त्या म्हातारीशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी अंथरुणावर, ती देवळात येऊन सांगणार कशी? त्यानंतर आजारी माणसाच्या घरी प्रभूभोजन घेऊन गेलो की मी विचारायला लागलो, 'कोणाबद्दल देवाचे उपकार मानायचे आहेत?' आणि ते रविवारी देवळात सांगायला लागलो. हे आधीच सुचायला हवं होतं.

भाऊबंदकीत याने काही फरक पडला का, असं लोक विचारतात. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे भाऊ आमच्याकडे होते. एकाने एकदा दुसऱ्याच्या बायकोबद्दल उपकार मानले, पोराच्या कावीळीत तिने औषध आणून दिलं म्हणून. केस चालूच राहिली. मी जाईपर्यंत तारखा पडत होत्या. पण प्रभूभोजनाच्या रविवारी त्यातला एक मुद्दाम गैरहजर राहायचा, ते थांबलं. मला तेवढं पुरे होतं.

सुगीच्या सणाचा लिलाव तुमच्याकडे होतो का ते लिहिलं नाहीत. आमच्या खेड्यांत ज्वारी, अंडी, वांगी, कोंबडा, एखादा भोपळा असं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मला तो आवडतो आणि नावडतोही. एक विधवा बाई दरवर्षी एकच दुधी आणायची. तो कोणी घेतला की देवाला परत द्यायचा, पुन्हा लिलाव, पुन्हा परत. त्या एका दुधीवर कोंबड्याहून जास्त पैसे जमायचे, आणि शेवटी तो तिच्याच घरी जायचा. कोणी भाषण केलं नाही, तिला काही म्हटलं नाही. ही आपल्या मातीतली उपकारस्तुती आहे, शब्दावाचून. पण पुढे शहरातून येणारे आमचे नोकरदार भाऊ बोली वाढवत नेऊ लागले आणि नावं पुकारली जाऊ लागली, तेव्हा तोच लिलाव नाताळच्या आभारप्रदर्शनासारखा झाला. दुधी आणणारी बाई त्या वर्षी मागच्या रांगेत उभी होती. तेव्हापासून आम्ही बोली लावणाऱ्याचं नाव पुकारणं बंद केलं.

आणि कृतज्ञतेचा दुरुपयोगही सांगून ठेवतो, कारण तोही मी पाहिला आहे. मार खाणाऱ्या बाईला 'सर्व गोष्टींत उपकारस्तुती करा' हे वचन ऐकवणारे लोक आहेत. पगार न देता राबवून घेतलेल्या शिक्षकाला 'सेवेची संधी मिळाली, कृतज्ञ राहा' म्हणणारे आहेत. वरच्याने खालच्याकडून मागितलेली कृतज्ञता ही येसकराच्या भाकरीचीच गोष्ट आहे. तुमच्यावर कोणी तसं काही लादत असेल तर मला वेगळं लिहा.

आता तुम्ही स्वतः काय करायचं. पंचांशी वाद घालू नका, पण थेस्सलनीकाकरांच्या पाचव्या अध्यायातली बारावी-तेरावी वचनं त्यांना वाचायला सांगा. तुमच्यामध्ये श्रम करणाऱ्यांना ओळखा आणि त्यांच्या कामामुळे प्रीतीने त्यांना फार मान द्या, असं तिथे आहे. पाळकाच्या सन्मानाच्या रविवारी हे आपण पाळकांबद्दल वाचतो, पण तिथला शब्द पुन्हा तोच आहे, श्रमांचा. आणि एपफ्रदीताबद्दल पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं की त्याला आनंदाने घ्या आणि अशांना मान द्या. हा हुकूम मंडळीला आहे. एपफ्रदीताला मान नको वाटत होता की हवा वाटत होता, याची पौलाने चौकशी केली नाही.

दुसरं, तुमच्याबरोबरच्या त्या दोघी. अकरा वर्षांत तुम्ही त्यांच्याबद्दल, त्यांच्या कानावर जाईल असं, देवाचे उपकार मानले का? हा टोमणा समजू नका. राबणाऱ्या बायका एकमेकींचं काम गृहीत धरतात, तसं माझ्या आईने आणि मावशीने चाळीस वर्षं केलं. पुढच्या महिला मंडळात सुरुवात तिथून करा. एकीचं नाव, एक काम, बारीक तपशिलासह.

तिसरं, एक काम सोडा. चादर किंवा चहा, काहीही. रागाने नको. 'तीन महिने हे दुसऱ्या कोणी घ्यावं' एवढंच सांगून. ज्याच्या हातात ते जाईल, त्याला ते किती आहे हे कळेल. पण प्रभूभोजनाची भांडी सोडू नका, असं मी स्वार्थाने म्हणतो. प्रभूने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि मोडली. त्या 'उपकारस्तुती'साठी ग्रीकमध्ये असलेल्या शब्दावरूनच वसईच्या कॅथलिक बंधूंसकट जगभरच्या मंडळ्यांनी त्या भोजनाचं नाव युखारिस्त ठेवलं. उपकार मानण्याचं भोजन. ते ज्या ताटातून आणि प्याल्यातून वाटलं जातं, ते शनिवारी संध्याकाळी राखेने आणि लिंबाने घासणारा हात कोणाचा, हे निदान वाटणाऱ्याला माहीत असावं. माझ्या चौतीस वर्षांतली पहिली दहा वर्षं मला ते माहीत नव्हतं.

तुमच्या पंच कमिटीची बैठक कधी असते ते कळवा. बोलावलंत तर मी येईन, एसटी थेट आहे. चहा मात्र त्या दिवशी पंचांपैकी कोणीतरी करावा, आणि तुम्ही तिघी बसून प्याव्यात.